राज्याराज्यांचे आरोग्य : तुलना कशी आणि कशासाठी

भारतीय संघराज्यातील सर्व नागरिकांचे संविधान एक, चलन एक आणि मताचे मोलही एकच. परंतु नुकत्याच जन्मलेल्या बालकाला आपले पहिले वर्ष पार करण्याची जी संधी लाभते, ती मात्र सर्व राज्यांत सारखी नाही. २०२० साली जिवंत जन्मलेल्या दर एक हजार बालकांमागे केरळात ६ बालके वर्षाच्या आत दगावली. तमिळनाडूत ही संख्या १३ होती, महाराष्ट्रात १६, राजस्थानात ३२, उत्तर प्रदेशात ३८ आणि मध्य प्रदेशात ४३. साऱ्या देशाची सरासरी २८ होती. लोकसंख्याशास्त्रात या संख्येला अर्भक-मृत्युमान असे म्हणतात.

हे आकडे दिसण्यास लहान आहेत. म्हणून त्यांचा अर्थ उलगडून पाहिला पाहिजे. उत्तर प्रदेशात वर्षाकाठी पन्नास लाखांहून अधिक बालके जन्मतात. तेथील अर्भक-मृत्युमान केरळाइतके असते, तर दर हजारी ३२ बालके अधिक वाचली असती. म्हणजे एका वर्षात दीड लाखाहून अधिक. जी गोष्ट अर्भकांची तीच मातांची. २०१८ ते २०२० या काळात दर एक लाख जिवंत जन्मांमागे गरोदरपणात, बाळंतपणात वा त्यानंतरच्या सहा आठवड्यांत मरण पावलेल्या मातांची संख्या केरळात १९, महाराष्ट्रात ३३, तमिळनाडूत ५४, उत्तर प्रदेशात १६७ आणि आसामात १९५ होती.

एकाच देशात इतके अंतर का पडावे? हे अंतर निसर्गाने घातले आहे, की माणसांच्या व्यवस्थेने? आणि ते भरून निघू शकते काय? या प्रश्नांची उत्तरे शोधण्याचे एक प्रमुख साधन म्हणजे राज्याराज्यांची तुलना. हे साधन मोलाचे खरे, पण ते जपून वापरावे लागते. ते कसे वापरावे हे समजल्यावाचून त्याने काढलेली उत्तरेही समजणार नाहीत.

आकडे कोठून येतात

जन्म व मृत्यू यांची नोंद सक्तीची करणारा अखिल भारतीय कायदा १९६९ साली झाला. परंतु खेड्यापाड्यांतील कित्येक जन्म आणि त्याहूनही अधिक मृत्यू नोंदवहीपर्यंत पोहोचतच नसत. जन्मून चार-दोन दिवसांत गेलेल्या बालकाचा तर पुष्कळदा ना जन्म नोंदला जाई, ना मृत्यू. अशा अपुऱ्या नोंदींवरून तुलना केली, तर एक विचित्र गोष्ट घडते. जेथे नोंद चोख ठेवली जाते तेथे मृत्यू अधिक दिसतात, आणि जेथे नोंदच होत नाही तेथे सारे कुशल आहे असा भास होतो.

या अडचणीवर उपाय म्हणून भारताच्या महानिबंधक कार्यालयाने १९६४-६५ साली काही राज्यांत ‘नमुना नोंदणी पद्धती’ प्रायोगिक स्वरूपात सुरू केली, आणि १९६९-७० च्या सुमारास ती देशभर लागू झाली. भाताचे शीत चाचपून भाताची परीक्षा होते, त्याचप्रमाणे देशातील काही गावे व काही नागरी वस्त्या शास्त्रीय पद्धतीने निवडून त्यांतील प्रत्येक जन्म व प्रत्येक मृत्यू टिपावा, अशी ही योजना आहे. निवडलेल्या वस्तीत एक स्थानिक गणक, बहुधा तेथील शिक्षक किंवा अंगणवाडी सेविका, वर्षभर नोंद ठेवतो. दर सहा महिन्यांनी एक पर्यवेक्षक तेथे स्वतंत्रपणे जाऊन घरोघर चौकशी करतो. नंतर दोन्ही नोंदी शेजारी ठेवून ताडून पाहिल्या जातात. एकीत आहे आणि दुसरीत नाही अशी घटना आढळली, की पुन्हा त्या घरी जाऊन खातरजमा करण्यात येते. एकाच्या नजरेतून निसटलेले दुसऱ्याच्या नजरेस पडावे, हा या पद्धतीचा गाभा होय. अलीकडच्या काळात सुमारे ८,८०० नमुना-वस्त्यांमधील ८० लाखांवर लोकसंख्या या पद्धतीखाली आली आहे. वर दिलेले अर्भक-मृत्युमान याच पद्धतीने मिळाले आहे.

आकड्यांचा दुसरा मोठा आधार म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी. तिची पहिली फेरी १९९२-९३ साली झाली आणि पाचवी २०१९ ते २०२१ या काळात. या पाहण्यांची धुरा मुंबईतील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने वाहिली असून ती संस्था १९५६ साली स्थापन झालेली आहे. या पाहणीत मुलांची उंची व वजन मोजतात, रक्ताचा थेंब तपासतात आणि लसी टोचल्या की नाही हेही विचारतात.

नमुन्यावरून काढलेल्या आकड्याला एक मर्यादा असते. लहान राज्यात वर्षभरात नोंदले जाणारे मृत्यू मुळात थोडे असतात. त्यांत दोन-चारांची भर पडली वा घट झाली तरी प्रमाण एकदम उसळते किंवा घसरते. यासाठी लहान राज्यांचे अर्भक-मृत्युमान तीन वर्षांची आकडेवारी एकत्र करून काढतात. म्हणूनच दोन राज्यांत एका अंकाचा फरक दिसला की लगेच एकाला पुढारलेले आणि दुसऱ्याला मागासलेले ठरविणे शास्त्राला धरून होत नाही. सहा आणि त्रेचाळीस यांतील फरकाबद्दल मात्र शंकेला जागा उरत नाही.

मृत्युमानाचा चकवा

आता एक कोडे पाहू. २०१९ साली दर हजार लोकवस्तीमागे केरळात सुमारे ७ माणसे मरण पावली, तर बिहारात साडेपाचच्या सुमारास. यावरून बिहार हे केरळाहून अधिक निरोगी राज्य ठरते काय?

याचे उत्तर मिळविण्यासाठी दोन काल्पनिक गावे घेऊ. प्रत्येक गावाची वस्ती दहा हजार. पहिल्या गावात साठ वर्षांखालील नऊ हजार आणि वृद्ध एक हजार आहेत. दुसऱ्या गावात साठीखालील सात हजार आणि वृद्ध तीन हजार आहेत. पहिल्या गावात वर्षाला दर हजारी तरुणांपैकी ४ आणि दर हजारी वृद्धांपैकी ४० दगावतात. दुसऱ्या गावात हेच प्रमाण २ आणि ३० आहे. म्हणजे तरुण असो वा वृद्ध, दुसऱ्या गावातील माणूस अधिक सुरक्षित आहे. पण एकूण मृत्यू मोजून पाहा. पहिल्या गावात ३६ अधिक ४०, म्हणजे ७६. दुसऱ्या गावात १४ अधिक ९०, म्हणजे १०४. अधिक निरोगी गावात मृत्यू अधिक! याचे कारण उघड आहे. दुसऱ्या गावात माणसे म्हातारपणापर्यंत जगतात, आणि म्हातारपणी मरण येणारच.

हा चकवा टाळण्यासाठी दोन्ही गावांची वयोरचना सारखी आहे असे मानून हिशेब करतात. समजा, दोन्हीकडे साठीखालील आठ हजार आणि वृद्ध दोन हजार आहेत. मग पहिल्या गावात ११२ मृत्यू होतील आणि दुसऱ्या गावात केवळ ७६. खरे चित्र आता समोर आले. या रीतीला वय-प्रमाणीकरण म्हणतात. केरळ व बिहार यांचे कोडे असेच सुटते. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेल्यांचे प्रमाण केरळात १२.६ टक्के होते आणि बिहारात ७.४ टक्के.

अर्भक-मृत्युमानाला हा दोष बाधत नाही. ते फक्त एका वर्षाच्या आतील बालकांचे प्रमाण असल्यामुळे गावात वृद्ध किती आहेत याचा त्यावर परिणाम होत नाही. शिवाय अर्भक हे समाजातील सर्वांत नाजूक माणूस. पाणी दूषित असले, आईच्या पोटात पुरेसे अन्न नसले, सुईण अप्रशिक्षित असली किंवा दवाखाना दूर असला, तर त्याचा पहिला आघात अर्भकावर होतो. म्हणूनच जगभरचे आरोग्यशास्त्रज्ञ या एका आकड्याकडे समाजाची नाडी म्हणून पाहतात.

उत्पन्न आणि जीवनमान

एखाद्या प्रदेशातील लोक किती सुखाने जगतात हे ठरविताना पूर्वी दरडोई उत्पन्न पाहण्याचा प्रघात होता. परंतु उत्पन्न हे साधन आहे. आयुष्य, आरोग्य व ज्ञान ही साध्ये आहेत. हे लक्षात घेऊन अर्थशास्त्रज्ञ मॉरिस डेव्हिड मॉरिस यांनी १९७९ साली अर्भक-मृत्युमान, एका वर्षाच्या वयानंतरचे अपेक्षित आयुष्य आणि साक्षरता या तिहींचा मिळून जीवनमानाचा एक निर्देशांक सुचविला. पुढे १९९० साली महबूब उल हक यांच्या पुढाकाराने आणि अमर्त्य सेन यांच्या विचारांच्या आधाराने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाने मानव विकास निर्देशांक प्रसिद्ध केला. त्यात आयुर्मान व शिक्षण यांच्या जोडीला उत्पन्नही धरले आहे.

आयुर्मान या शब्दाविषयी एक गैरसमज नेहमी आढळतो. १९५१ च्या सुमारास भारतीयांचे सरासरी आयुर्मान ३२ वर्षांच्या आसपास होते. याचा अर्थ त्या काळी माणसे बत्तिशीतच मरत असत, असा नव्हे. त्या काळी शेकड्याने बालके पहिल्या काही वर्षांतच दगावत, आणि त्यामुळे सरासरी खाली ओढली जाई. जो बालपणातून सुटला तो साठी-सत्तरी गाठू शकत असे. २०१४ ते २०१८ या काळात देशाचे सरासरी आयुर्मान ६९.४ वर्षे झाले. केरळात ते ७५.३ होते, उत्तर प्रदेशात ६५.३ आणि छत्तीसगडात ६५.२. म्हणजे जन्म कोठे झाला एवढ्यावरून दहा वर्षांचे अंतर पडते.

संपत्ती वाढली की आरोग्य आपोआप सुधारते, असे पुष्कळांना वाटते. त्यात काही तथ्यही आहे. पण ते पूर्ण सत्य नव्हे. मोठ्या राज्यांमध्ये दरडोई उत्पन्नात अग्रभागी असलेल्या हरियाणाचे अर्भक-मृत्युमान २०२० साली २८, म्हणजे देशाच्या सरासरीइतकेच होते. तमिळनाडूत त्याच वर्षी ते त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. २०११ च्या जनगणनेत हरियाणात सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली केवळ ८३४ होत्या. केरळात त्या ९६४ होत्या. घरात पैसा आला तरी मुलीच्या वाट्याला जीवनच येऊ दिले जात नसेल, तर त्या समृद्धीला जीवनमान म्हणणे कठीण आहे.

केरळचा वृत्तांत

१९७५ साली त्रिवेंद्रम येथील विकास अध्ययन केंद्राने संयुक्त राष्ट्रांसाठी केलेला केरळविषयक अभ्यास प्रसिद्ध झाला आणि जगभरच्या विद्वानांचे लक्ष या राज्याकडे वेधले गेले. केरळाचे दरडोई उत्पन्न त्या काळी देशाच्या सरासरीहून कमी होते. तथापि १९७१ साली देशाचे अर्भक-मृत्युमान १२९ असताना केरळाचे ५८ होते. त्याच वर्षी उत्तर प्रदेशात ते १६७ होते. गरीब राज्यातील अर्भके जगत होती, हे कसे घडले?

याची मुळे बरीच मागे जातात. त्रावणकोर संस्थानात राणी गौरी पार्वती बाई यांनी १८१७ साली लोकशिक्षणाचा खर्च राज्याने उचलावा असा आदेश काढला. १८७९ साली तेथे सरकारी नोकर, विद्यार्थी आणि तुरुंगातील कैदी यांना देवी टोचून घेणे सक्तीचे झाले. मिशनऱ्यांच्या शाळा, श्रीनारायण गुरूंच्या प्रेरणेने उभी राहिलेली समाजसुधारणेची चळवळ, पुढे जमीनसुधारणा आणि स्वस्त धान्याची दुकाने यांनी या पायावर भर घातली. १९४५ साली पी. एन. पणिक्कर यांनी ४७ ग्रंथालये एकत्र आणून त्रावणकोरात ग्रंथालय संघ स्थापिला, आणि वाचनालय ही खेड्यातील नित्याची गोष्ट होऊ लागली. २०११ साली केरळातील ९२ टक्के स्त्रिया साक्षर होत्या. राजस्थानात ५२ टक्के.

येथे एक आक्षेप संभवतो. केरळातील हवा-पाणी, नारळी-पोफळी, समुद्राची मासळी यांमुळेच हे घडले नसेल कशावरून? या आक्षेपाचे उत्तर केरळाच्या इतिहासातच मिळते. आजच्या केरळाचा उत्तर भाग, म्हणजे मलबार, १९५६ पर्यंत मद्रास राज्यात होता. भाषा तीच, पाऊस तोच, आहारही बहुतांशी तोच. तरीही शाळा, दवाखाने व मृत्युमान या सर्व बाबतींत मलबार हा त्रावणकोर-कोचीनच्या मागे होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी केरळ राज्य निर्माण झाले. त्यानंतर मलबारात शाळा व दवाखाने उघडले गेले आणि पुढील काही दशकांत हे अंतर पुष्कळच बुजले. हवा बदलली नव्हती. व्यवस्था बदलली होती. प्रयोगशाळेत एक घटक बदलून बाकीचे स्थिर ठेवतात, तसाच जणू हा इतिहासाने केलेला प्रयोग होता.

आईच्या शिक्षणाने बालक कसे वाचते, हेही समजून घेण्यासारखे आहे. ऑस्ट्रेलियन लोकसंख्याशास्त्रज्ञ जॉन कॉल्डवेल यांनी १९७९ साली नायजेरियातील आकडेवारीवरून असे दाखविले, की कुटुंबाचे उत्पन्न व इतर परिस्थिती हिशेबात घेतली तरीही शिकलेल्या आईची मुले अधिक जगतात. अतिसार झालेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी वारंवार पाजले तर ते वाचू शकते. अज्ञानामुळे त्याचे पाणी तोडले तर ते सुकून जाते. शिकलेली आई हे जाणते, लसीची तारीख पाळते, आणि विशेष म्हणजे घरातील वडीलधाऱ्यांची परवानगी मिळेपर्यंत न थांबता मूल घेऊन दवाखान्यात जाते. तेथे परिचारिका हजर नसेल तर ती विचारणा करते. शिक्षण आणि दवाखाना ही दोन्ही चाके असली तरच गाडा चालतो.

तमिळनाडूचा मार्ग

परंतु शंभर वर्षांची शिक्षणपरंपरा नसेल त्या राज्याने काय करावे? त्याचे उत्तर तमिळनाडू देतो. १९७१ साली तेथील अर्भक-मृत्युमान ११३ होते, महाराष्ट्राच्या १०५ पेक्षाही अधिक. २०२० पर्यंत ते १३ वर आले. म्हणजे पन्नास वर्षांत तमिळनाडूने महाराष्ट्रालाही मागे टाकले.

हे कोणा एका योजनेचे फळ नव्हे. मद्रास प्रांतात १९३९ सालीच सार्वजनिक आरोग्याचा स्वतंत्र कायदा झाला होता. रोग्यावर उपचार करणारे खाते निराळे आणि रोग होऊच नये म्हणून पाणी, स्वच्छता व लसीकरण पाहणारे खाते निराळे, अशी रचना तेथे टिकून राहिली. कामराज मुख्यमंत्री असताना १९५६ साली शाळेत मधल्या वेळच्या जेवणाची योजना राज्यभर नेण्यास आरंभ झाला, आणि १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांच्या कारकिर्दीत तिला व्यापक रूप आले. १९९४ साली सरकारी दवाखान्यांसाठी औषधे एकत्रित खरेदी करणारे महामंडळ स्थापन झाले. त्याच्या वखारींतून प्रत्येक दवाखान्याला औषधे पोहोचू लागली. गावच्या दवाखान्यात औषध मिळते असा विश्वास बसला, म्हणजे लोक तेथे येऊ लागतात; आणि लोक आले, म्हणजे गरोदर स्त्रीची तपासणीही होते.

आजार अधिक, मृत्यू कमी

तुलनेतील आणखी एक कोडे सांगितलेच पाहिजे. पाहणीदार घरोघर जाऊन गेल्या पंधरा दिवसांत कोण आजारी होते असे विचारतात, तेव्हा केरळातील लोक इतर राज्यांतील लोकांपेक्षा कितीतरी अधिक आजार सांगतात. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत देशभर दर शंभरांमागे सात-आठ जणांनी आजार सांगितला, तर केरळात चोवीसांच्या आसपास. सर्वाधिक जगणारी माणसेच सर्वाधिक आजारी कशी?

अमर्त्य सेन यांनी २००२ साली एका वैद्यकीय नियतकालिकात या विसंगतीचा उलगडा केला. जेथे दवाखाना जवळ आहे आणि लोक शिकलेले आहेत, तेथे माणूस दुखणे ओळखतो व ते बोलून दाखवतो. जेथे दोन्ही नाहीत, तेथे दुखणे हा जगण्याचाच एक भाग मानला जातो. पिढ्यान्पिढ्या पंडुरोगाने फिकट पडलेल्या स्त्रीला थकवा ही तक्रार वाटत नाही. तेव्हा लोक स्वतःच्या आरोग्याविषयी काय सांगतात एवढ्यावरून राज्याचे आरोग्य ठरविणे धोक्याचे आहे.

मात्र केरळातील सारे आजार केवळ जागरूकतेचे नव्हेत. आयुष्य लांबले म्हणजे मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार व कर्करोग यांना अवसर मिळतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत केरळातील जवळजवळ एकचतुर्थांश स्त्रियांच्या रक्तातील साखर वाढलेली आढळली, किंवा त्या त्यासाठी औषध घेत होत्या. देशात हे प्रमाण १३.५ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व तिच्या सहयोगी संस्थांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, संसर्गजन्य रोगांकडून असंसर्गजन्य रोगांकडे होणारे संक्रमण केरळ, गोवा व तमिळनाडू या राज्यांत सर्वांत पुढे गेले होते. जुनी लढाई जिंकलेल्या राज्यांपुढे नवी लढाई उभी आहे.

राज्याच्या पोटातील अंतर

राज्याची सरासरी हा एक पडदाही असतो. तो दूर सारला म्हणजे त्यामागे निराळेच चित्र दिसू शकते. केरळातील पालक्काड जिल्ह्यात अट्टप्पाडी हे आदिवासींचे डोंगराळ क्षेत्र आहे. २०१३ साली तेथील अर्भकांच्या मृत्यूंनी सारे राज्य हादरले. महाराष्ट्रात मेळघाटचे नाव बालमृत्यूंच्या संदर्भात १९९० च्या दशकापासून वारंवार ऐकू येत आले आहे. राज्याची सरासरी ६ असो वा १६, या डोंगरांतील मातांना त्या सरासरीचा काय उपयोग?

परंतु अशाच एका दुर्गम जिल्ह्याने साऱ्या देशाला धडाही दिला. २०२० साली देशात दर हजारी २८ अर्भके दगावली. त्यांपैकी २० जन्मल्यापासून पहिल्या २८ दिवसांतच गेली. अपुऱ्या दिवसांचा जन्म, कमी वजन, जन्मताच श्वास न लागणे, जंतुसंसर्ग ही त्यांची मुख्य कारणे. अशा बालकांना मोठ्या रुग्णालयावाचून गत्यंतर नाही, अशी पूर्वी समजूत होती. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९९० च्या दशकात ३९ गावांमध्ये गावातल्याच स्त्रियांना नवजात बालकाची निगा शिकविली. त्यांना आरोग्यदूत म्हणत. बाळाला ऊब देणे, लगेच अंगावर पाजणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्गाची लक्षणे ओळखून औषध देणे, ही कामे त्या घरी जाऊन करीत. तुलनेसाठी ४७ गावे निवडली होती. १९९९ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, तिसऱ्या वर्षी तुलनेच्या गावांच्या मानाने येथील नवजात-मृत्युमान सुमारे ६२ टक्क्यांनी घटले. पुढे २०११ साली केंद्र शासनाने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरच्या घरी नवजात बालकाची काळजी घेण्याचा कार्यक्रम देशभर हाती घेतला. गरीब, जंगलव्याप्त जिल्ह्यातही मृत्यू थोपवता येतो, हे या प्रयोगाने सिद्ध केले. आणि तेही तुलनेच्याच बळावर.

तुलना कशासाठी

डिसेंबर २०२१ मध्ये नीती आयोगाने २०१९-२० या वर्षासाठी राज्यांचा आरोग्य निर्देशांक प्रसिद्ध केला. मोठ्या राज्यांत एकूण कामगिरीत केरळ पहिला आणि उत्तर प्रदेश शेवटचा होता. परंतु आदल्या वर्षाच्या मानाने किती सुधारणा झाली, या दुसऱ्या यादीत उत्तर प्रदेश पहिला होता. दोन्ही याद्या खऱ्या आहेत. एक यादी राज्य कोठे उभे आहे ते सांगते. दुसरी ते कोणत्या दिशेने व किती वेगाने चालले आहे ते सांगते. एकच यादी वाचणाऱ्याच्या हाती अर्धे सत्य येते.

म्हणून राज्यांची तुलना करणारा कोणताही तक्ता समोर आला, म्हणजे वाचकाने काही प्रश्न स्वतःशी अवश्य विचारावेत. हा आकडा कोणी आणि कशा रीतीने मोजला? दोन्ही राज्यांतील लोकांची वयोरचना सारखी धरली आहे काय? हा एका वर्षाचा आकडा आहे, की अनेक वर्षांचा कल? सरासरीच्या आड कोणते जिल्हे, कोणत्या जमाती, कोणाच्या मुली झाकल्या गेल्या आहेत? शाळेतील विद्यार्थ्यांनी आपल्याच तालुक्यातील दोन गावांची अशी तुलना करून पाहिल्यास या प्रश्नांचे महत्त्व त्यांना सहज पटेल.

उत्तर प्रदेशाचे अर्भक-मृत्युमान १९७१ साली १६७ होते. २०२० साली ते ३८ झाले. पन्नास वर्षांतील ही प्रगती थोडी नव्हे. केरळात मात्र १९८१ सालीच ते ३७ वर आले होते. दोन राज्यांमधील अंतर असे वर्षांतही मोजता येते, आणि ते जवळपास चाळीस वर्षांचे भरते. ते कापण्यास आणखी चाळीस वर्षे लागलीच पाहिजेत असा निसर्गाचा नियम नाही. केरळाला पुष्कळ गोष्टी चाचपडत शोधाव्या लागल्या. मागून येणाऱ्याला त्या मलबार, मद्रास आणि गडचिरोली येथील अनुभवाने शोधून ठेवलेल्या आहेत. शिकलेली आई, हजर असलेली परिचारिका, वखारीतून वेळेवर आलेले औषध आणि नळाचे शुद्ध पाणी या गोष्टी कोणत्याही एका राज्याच्या मालकीच्या नाहीत.